घोट्याचे ऑपरेशन आणि ती पहिली रात्र



घोटा मोडला, पट्टी-स्क्रू बसवायचे ठरले, की ऑपरेशनपेक्षा नंतरच्या दुखण्याचीच धास्ती मोठी असते. त्यावर एक चांगला उपाय आहे. दुखण्याची जाणीव मेंदूकडे नेणारी नस सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून भूलतज्ज्ञ गुडघ्यामागे बधिरतेचे इंजेक्शन देतात. घोट्याच्या आतल्या बाजूची नस वेगळी असल्याने कधी दुसरे इंजेक्शनही लागते. याला 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात. औषधानुसार पाऊल साधारण १२ ते २४ तास बधिर राहते.

चूक होते ती इथेच. दुखत नाही म्हणून रोगी गोळ्या बाजूला ठेवतो. मग मध्यरात्री ब्लॉक उतरतो आणि एकदम असह्य कळा सुरू होतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ठरल्या वेळीच घ्या. मुंग्या येण्याची वाट पाहू नका. पाय उशीवर उंच ठेवा. बधिर पायावर भार देऊन एकट्याने संडासला जाऊ नका. त्या पायाला शेक देऊ नका. भाजलेले कळत नाही.

घरच्यांनी बोटांवर लक्ष ठेवावे. ती निळी, पांढरी वा थंडगार पडली, किंवा गोळ्या घेऊनही कळ वाढतच गेली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

ऑपरेशनपूर्वी मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास सांगा. आणि विचारा, "मला ब्लॉक देता येईल का?" विचारण्यात संकोच कसला? दुखणे मुकाट सोसलेच पाहिजे, असे मुळीच नाही.