दोन दिवसांचे खेळणे

अमरावतीत नवरात्रात अंबादेवीच्या रस्त्यावर किंवा हिवाळ्यात बहिरमच्या यात्रेत एक दृश्य हमखास दिसते. आजोबांचे बोट धरून चाललेले लेकरू खेळण्यांच्या दुकानापुढे थबकते. लाल-निळे दिवे लावणारी, गाणे म्हणणारी, भिंतीला धडकली की आपोआप वळणारी गाडी त्याला हवी असते. थोडी घासाघीस होते आणि गाडी घरी येते. संध्याकाळभर घर गाण्याने दणाणून जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच लेकरू गाडी हातात घेऊन उभे असते, "आबा, हे तं चालूनच नाही राह्यलं!" मग गाडी कपाटावर जाते आणि लेकरू ती ज्या खोक्यातून आली त्या खोक्यात बसून बैलगाडी हाकू लागते.

अकोल्याच्या गांधी रोडवरून घेतलेल्या महागड्या खेळण्याचीही बहुतेक वेळा हीच गत होते. घरातले मोठे मग लेकराला बोल लावतात, "याला कशाची किंमतच नाही." लेकराचा दोष मात्र यात फारसा नसतो. खेळणे का फसले, याचे उत्तर बालविकासाच्या शास्त्रात आहे. ते फसल्यानंतर काय होऊ शकते, याचे उत्तर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात मिळते. पैसे वाया जाणे ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट आहे.

खेळणेच खेळते, मूल बघते

मुलाच्या दृष्टीने खेळ म्हणजे काम असते. उचलणे, आपटणे, रचणे, पाडणे आणि "असे केले तर काय होईल" हे पुन्हापुन्हा तपासणे, यातून त्याचे हात आणि मेंदू एकमेकांशी जोडले जातात. बटन दाबताच सगळे स्वतःच करणाऱ्या खेळण्यात मुलाला करायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे बटन दाबणे. ते शंभरदा दाबून झाले की नवे काही उरत नाही. उलट एक वाटी कधी टोपी होते, कधी ढोल, तर कधी भातुकलीतले पातेले.

भाषेच्या बाबतीत ही गोष्ट मोजून पाहिली गेली आहे. अमेरिकेतील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात 10 ते 16 महिन्यांची 26 बाळे आणि त्यांचे पालक यांच्या घरातला खेळ ध्वनिमुद्रित करण्यात आला. गाणारी-बोलणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी, साधी खेळणी आणि चित्रांची पुस्तके असे तीन प्रकार त्यांना दिले होते. इलेक्ट्रॉनिक खेळणी समोर असताना पालक कमी बोलले, बाळाला प्रतिसाद कमी मिळाला आणि बाळानेही कमी आवाज काढले. पुस्तकांच्या वेळी बोलणे सर्वाधिक झाले. कारण उघड आहे. खेळणे बोलू लागले की आई गप्प बसते आणि बाळ शब्द शिकते ते आईकडून. दर मिनिटाला तेच गाणे वाजवणारी चकती ती जागा घेऊ शकत नाही.

दुसरी चूक संख्येची. टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 18 ते 30 महिन्यांच्या मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळण्यांसह खेळू दिले. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. कमी खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते जास्त प्रकारांनी हाताळू लागली. म्हणून टोपलीभर खेळणी एकदम पुढे ओतण्यापेक्षा चार बाहेर ठेवावीत, बाकीची पेटीत ठेवावीत आणि पंधरा दिवसांनी बदलावीत. जुने खेळणे पुन्हा नवे होते आणि खर्च शून्य.

बुद्धी विकत मिळत नाही

"बाळाची बुद्धी वाढवणारे" असे लिहिले की खेळण्याची किंमत दुप्पट होते. असे दावे जपूनच घ्यावेत. बाळांसाठीच्या 'बेबी आइन्स्टाइन' या चित्रफितींचे उदाहरण बोलके आहे. जगभरच्या पालकांनी त्या मोठ्या आशेने घेतल्या. त्यांच्या शैक्षणिक उपयोगाबद्दल आक्षेप घेतले गेल्यानंतर 2009 मध्ये डिस्ने कंपनीने अमेरिकेतील ग्राहकांना पैसे परत देण्याची योजना जाहीर केली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले, की एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा असावी. तोही जितका कमी तितका चांगला. तेव्हा खेळण्यातला मोबाइल हे शिक्षणाचे साधन मानून घेऊ नये.

असाच गैरसमज वॉकरबद्दल आहे. बाळ लवकर चालावे म्हणून गोल, चाकांचा, मध्ये बसायची झोळी असलेला वॉकर भेट दिला जातो. प्रत्यक्षात त्यात बाळ चालत नाही, चवड्यांनी जमीन ढकलते. अंगाचा तोल सांभाळण्याचा सराव त्याला मिळत नाही आणि चालणे लवकर तर येत नाहीच, उलट थोडे लांबू शकते. शिवाय काही सेकंदांत ते पायरीपर्यंत, गॅसच्या ओट्यापर्यंत किंवा गरम चहाच्या कपापर्यंत पोहोचते. कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवर बंदी घातली. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा यापेक्षा कितीतरी शहाणा आहे. त्यात बाळाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते, दांडा धरून तोल सांभाळावा लागतो आणि पुढे टाकलेले प्रत्येक पाऊल त्याचे स्वतःचे असते. मोठे माणूस मात्र जवळ हवेच.

कपाटावरच्या गाडीतला धोका

बंद पडलेले खेळणे निरुपद्रवी वाटते, पण खरी काळजी तिथूनच सुरू होते. दोन दिवसांत बंद पडलेली गाडी मूल दगडाने फोडते आणि आतले भाग बाहेर येतात.

त्यात सर्वांत धोकादायक बटन सेल. चकचकीत, गोल आणि चपटा. नेहमी आढळणाऱ्या लिथियम सेलचा व्यास 20 मिलिमीटर, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढा असतो. गिळलेले नाणे बहुधा पोटात उतरते आणि शौचावाटे निघून जाते. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर गोष्ट वेगळी असते. ओल्या आवरणाला टेकताच त्यातून वीज वाहते, तिथे तीव्र क्षार तयार होतो आणि अन्ननलिका जळू लागते. सेल फुटण्याची गरज नसते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. भोक श्वासनलिकेपर्यंत किंवा मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत गेले तर जीव जातो. खेळणे चालवायला अपुरा ठरलेला सेलही हे करू शकतो.

दोन तास हा आकडा वऱ्हाडात विशेष लक्षात ठेवावा लागतो. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, तोही घाटाचा रस्ता. "सकाळपर्यंत वाट पाहू" म्हणायला इथे जागाच नसते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी 108 ला फोन करावा आणि जवळच्या एक्स-रे असलेल्या रुग्णालयात निघावे. छायाचित्रात सेलच्या कडेला दुहेरी कडे दिसते आणि नाण्यापासून तो ओळखू येतो. मुलाला ओकारी काढायला लावू नये, केळी किंवा भाताचे घास भरवू नयेत. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, सेल गेल्या 12 तासांत गिळला असेल आणि ते व्यवस्थित गिळू शकत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, द्यावा. त्याने इजेचा वेग कमी होतो. मध म्हणजे उपचार नव्हे आणि मध शोधण्यात वेळही घालवू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये. सेल नाकात गेला तरी तितकीच घाई करावी, तो नाकाचा पडदा जाळतो.

लोहचुंबकाचे लहान तुकडे हा दुसरा धोका. एक तुकडा गिळला तर बहुधा निघून जातो. दोन गेले, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढून धरतात आणि मधली आतडी दाबून भोक पडते. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटात गेल्यावरही फुगतात, आतडे अडवतात आणि साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. फुग्याचा फाटलेला तुकडा घशावर चिकटून बसतो. खेळण्यातली छोटी शिट्टी किंवा दिव्याचा बल्ब श्वासनलिकेत जातो. अचानक ठसका लागतो, मग मूल बरे वाटते आणि घरचे विसरतात. काही आठवड्यांनी एकाच बाजूच्या छातीत घरघर किंवा औषधाने न हटणारा न्यूमोनिया दिसतो. अशा वेळी "खेळताना ठसका लागला होता" हे एक वाक्य डॉक्टरांना आठवणीने सांगितले, तर निदानाचे कित्येक दिवस वाचतात.

चिन्ह पाहा, किंमत नव्हे

भारतात खेळण्यांसाठी कायदा आहे. खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश 2020 मध्ये निघाला आणि 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. टोकदार कडा, सुटणारे बारीक भाग, पेट घेण्याची शक्यता, रंगातले शिसे व इतर जड धातू या सगळ्याची तपासणी त्या चिन्हामागे असते. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी वेगळे मानक आहे. चिन्हाजवळ सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर टाकला की खरा की खोटा हे कळते.

महाग दुकानात हे सगळे आपोआप मिळते, असे समजू नये. जानेवारी 2023 मध्ये भारतीय मानक ब्युरोने महिन्याभराच्या कारवाईत चिन्ह नसलेली 18,600 खेळणी जप्त केल्याचे सांगितले. त्यात विमानतळांवरची आणि मॉलमधली नावाजलेली दुकानेही होती. मग यात्रेतल्या पालाखालच्या मालाची काय कथा? तिथे पावती नसते आणि दुसऱ्या दिवशी दुकानदारही नसतो.

म्हणूनच ही जबाबदारी एकट्या आजोबांवर ढकलणे बरोबर नाही. यात्रेत जागा देणाऱ्या ग्रामपंचायती आणि नगरपालिका दुकानदाराकडून भाडे घेतात, तर खेळण्यावर चिन्ह असावे ही अटही घालू शकतात. मानक ब्युरोचे नागपुरात कार्यालय आहे. मोठ्या यात्रांच्या आधी एक तपासणी फेरी काढणे त्याला अशक्य नाही. ग्राहकांनीही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला कचरू नये. अंगणवाडीत लसीकरणाबरोबर बटन सेलची दोन वाक्ये सांगितली गेली, तर ती घराघरात पोहोचतील.

वऱ्हाडाजवळ आहे ते

चांगल्या खेळण्याचा शोध घ्यायला दूर जावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या बैलाला ना सेल, ना बटन. मूल त्याला दोरी बांधते, झूल शिवून मागते, शिंगे रंगवते, चारा घालते आणि रात्री उशाशी घेऊन झोपते. तो वर्षानुवर्षे टिकतो, धाकट्या भावंडाकडे जातो. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे इथे घेणाऱ्यानेच पाहावे. ओल्या फडक्याने घासून रंग निघतो का, फास किंवा खिळा वर आलेला आहे का, चाक ओढले तर निघते का. तोंडात वस्तू घालणाऱ्या बाळासाठी बिनरंगी लाकूडच बरे.

सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन आणि घरे रचायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले. पुण्याच्या आयुकात त्यांनी अनेक वर्षे हे काम केले आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांचे एक वैशिष्ट्य असे, की ती मोडली तर मूल ती पुन्हा बनवू शकते.

घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. तीन वर्षांखालील मुलासाठी असेल तर कोणताही सुटा भाग सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीत पूर्ण मावता कामा नये. सेलचे झाकण स्क्रूने बंद असावे. आवाज मोठ्यांच्या कानाशी धरून सहन होतो का ते पाहावे. आणि शेवटी स्वतःला विचारावे, की या खेळण्यात मूल काय करेल आणि खेळणे काय करेल?

घरी आधीच आलेल्या खेळण्यांचे कामही आजच उरकता येते. कपाटावरची ती बंद गाडी खाली काढावी, सेल बाहेर काढून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा रीतीने टाकून द्यावा. खोके मात्र टाकू नये. लेकरू त्यात बसून अजून बैल हाकत असेल.