बसवर कॅमेरा हवा, गाडीमालकाचा पत्ता बाजारात नको!

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील पालक, वाहनमालक आणि शाळाचालक बंधुभगिनींनो,

काटेवाडी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. पालखी मार्ग रुंद झाला आणि या गावांतून जाणाऱ्या गाड्यांना वेग आला. शाळेची बस थांबते, पोरे दप्तर सावरत उतरतात आणि मागची मोटार हॉर्न वाजवत पुढे घुसते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची भर. अशा गाडीचा नंबर टिपणारा कॅमेरा बसवर असलाच पाहिजे, ही आमची ठाम मागणी आहे.

पण नंबर टिपला की त्यामागचे नाव, गाव आणि पत्ता कोणाच्या हाती जाणार? हा प्रश्न कॅमेरा बसवण्याआधी विचारायचा आहे.

अमेरिकेत थांबलेली स्कूल बस ओलांडणाऱ्यांना असेच कॅमेरे पकडतात. अनेक ठिकाणी खासगी कंपनी ते फुकट बसवते आणि दंडातला वाटा घेते. त्याच देशात १९८९ मध्ये रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा घराच्या दारात खून झाला. मारेकऱ्याने खासगी गुप्तहेरामार्फत तिचा पत्ता कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्यातून काढला होता. १९९४ मध्ये तिथे वाहन खात्यातील वैयक्तिक नोंदी उघड करण्यावर बंधने घालणारा कायदा झाला.

आपल्या सरकारने काय केले? २०१९ मध्ये वाहनांच्या नोंदी घाऊक विकण्याचे धोरण आणले. खासगी कंपनीसाठी दर वर्षाला ३ कोटी रुपये. गैरवापराची आणि खासगीपणाची भीती पुढे आल्यावर जून २०२० मध्ये ते गुंडाळले. तोवर १११ कोटींहून अधिक रुपये जमले होते, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनीच राज्यसभेत सांगितले. गाडी नोंदवताना तुम्ही-आम्ही दिलेली माहिती विकून हा पैसा आला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला त्याला हे धोरण आले तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती आहेत, त्यामुळे नुसते त्यावर विसंबता येणार नाही.

आपल्याकडे हा धोका शहरापेक्षा मोठा आहे. एमएच-४२ च्या गाडीच्या मालकाचे नाव कळले की आडनावावरून जात, गाव, भावकी, कोणत्या कारखान्याचा सभासद आणि कोणत्या पॅनेलचा माणूस, सगळे तासाभरात निघते. छळाला कंटाळून माहेरी आलेल्या लेकीच्या स्कूटीचा पत्ता तिच्या सासरच्यांना मिळाला तर? आणि मालक म्हणजे चालवणारा असे थोडेच असते! गाडी शेजाऱ्याने नेलेली असते, किंवा विकूनही कागदोपत्री नावावर राहिलेली असते. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरला की बदनामी मात्र मालकाची. दंड करण्याचा अधिकार पोलिसांचा आणि आरटीओचा आहे, ग्रुपच्या ॲडमिनचा नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १६७-अ सांगतो, की कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत जावी आणि चलन निकाली निघेपर्यंत चित्रण जपावे. निकाली निघाल्यावर ते पुसलेच पाहिजे, अशी लेखी अट आपण घालून घ्यायची. ज्या चित्रणात गुन्हा नाही ते दोन-चार दिवसांत पुसावे. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी लावायला बस नाही. कॅमेरा बसवणाऱ्या कंपनीने नंबर आणि चित्रण पोलिसांना द्यावे आणि तिथेच थांबावे. नंबरावरून नाव शोधण्याचे काम सरकारी अधिकाऱ्यानेच करावे, आणि कोणी, कधी, कशासाठी शोधले याची नोंद राहावी. कंपनीला दंडात टक्का देऊ नये, ठरलेले भाडे द्यावे. बसच्या आतल्या कॅमेऱ्यात तर आपली लेकरे दिसतात. ते चित्रण कोणाच्याही मोबाइलवर जाता कामा नये.

२०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. पालकांचा, पोलिसांचा आणि परिवहन खात्याचा माणूस तिथे बसतो. येत्या बैठकीत कॅमेरा कंपनीबरोबरचा करार वाचायला मागा. वरच्या अटी त्यात नसतील तर समितीतल्या पालक प्रतिनिधीने सही करू नये, आणि अटी येईपर्यंत कॅमेऱ्यासाठी वाढवलेले बसभाडे आपण भरू नये.