आज्याची चाल, नातवाचा संगणक



सालेकसा तालुक्यातील दरेकसा येथून एका तरुण वाचकाने लिहिले आहे : "माझा आजा पेटीवर स्वतःच्या चालीत भीमगीते गातो. त्या चाली कुठेच लिहिलेल्या नाहीत. जयंतीसाठी मी दोन चाली संगणकावर बसवल्या. आज्याला ऐकवल्या तर म्हणाला, 'सूर बराबर आहेत गा, पण गाणारा कुठं आहे?' आता कोणते सॉफ्टवेअर घेऊ?"

आजोबांनी नेमके दुखणे सांगितले आहे. आधी त्याचे कारण पाहू.

संगणकाला वाद्याची भाषा कळावी म्हणून १९८३ साली 'मिडी' ही पद्धत आली. मिडीत आवाज नसतो, नुसत्या सूचना असतात : कोणती पट्टी दाबली, किती जोराने, केव्हा सोडली. हा जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजतात. माउसने स्वर मांडले की सर्वांचा जोर सारखाच पडतो. त्यात 'क्वांटाइझ'ची कळ दाबली की प्रत्येक ठोका रांगेत सरळ उभा राहतो. माणूस असे वाजवीत नाही. ढोलकीवाला समेवर जोर देतो, मधले बोल हलके सोडतो. पेटीवाला भात्याच्या दाबाने सूर फुलवतो; मिडीत भात्याचे काम ११ क्रमांकाचा 'एक्स्प्रेशन' करतो. गळ्यातली मींड पेटीवर निघत नाही, ती 'पिच बेंड'ने काढता येते. मात्र हा बेंड त्या चॅनेलवरच्या सर्व स्वरांना लागतो. म्हणून सोळा चॅनेलांपैकी एक फक्त मुख्य चालीसाठी राखावा.

तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये वाद्ये किती, हे पाहू नका. जोर, भाता, मींड आणि ठोक्याची मागे-पुढे सरक हातात येते की नाही, ते पाहा.

'एलएमएमएस' फुकट आहे आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते. स्वराखालच्या रेषा ओढून जोर बदलतो, प्रत्येक स्वराला वेगळी मींडही देता येते. उणीव एवढीच की त्याच्या १.२ आवृत्तीत थेट गाणे मुद्रित करता येत नाही.

'म्यूझस्कोअर'ही फुकट आहे. त्यात चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून ऐकता येते. चाल कागदावर टिकवायला ते उत्तम. पण गळ्याची वळणे काढायला तितकेसे सोयीचे नाही.

'रीपर' मिडी आणि गळा दोन्ही सांभाळते. ६० दिवस वापरून पाहता येते, नंतर घरगुती परवान्याला ६० डॉलर पडतात. मजुरीच्या घरात हा खर्च लहान नाही.

आमचा सल्ला : एलएमएमएसपासून सुरुवात करा. पैसे आज खर्चू नका.

पण त्याही आधी एक काम करा. आजोबांना त्यांची पेटी देऊन बसवा आणि मोबाईलवर त्यांचे गाणे मुद्रित करा. गावावरून हावडा-मुंबई रेल्वेमार्ग जातो, म्हणून गाडी नसेल अशी वेळ साधा. त्यांना यंत्राच्या ठोक्यावर गायला लावू नका. ते ध्वनिमुद्रण वेव्ह फाईल करून सॉफ्टवेअरमध्ये ठेवा आणि यंत्राची लय त्यांच्या लयीला जुळवा. आजोबा कुठे थांबतात, कोणत्या शब्दावर जोर देतात, ते ऐकून एकेक आकडा बदला. एका कडव्याला आठवडा लागला तरी चालेल. शेवटी पुन्हा त्यांनाच ऐकवा. परीक्षक तेच.

आपल्या चळवळीचे गाणे असेच माणसाकडून माणसाकडे आले. भीमराव कर्डकांच्या जलशांनी ते गावोगाव नेले, वामनदादा कर्डकांनी २००४ साली जगाचा निरोप घेईपर्यंत ते लिहिले आणि गायले. त्यांची गाणी लोकांच्या ओठी राहिली. परंतु गावोगावच्या कितीतरी गायकांच्या चाली त्यांच्यासोबतच गेल्या. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही मिळेल. आजोबांचा आवाज आज आहे.

हे त्या एकट्या तरुणासाठी नाही. तुमच्या घरी आजी असेल, तिला जात्यावरच्या बाबासाहेबांच्या ओव्या येत असतील. या रविवारी तिच्याजवळ बसा आणि मोबाईल सुरू करा. संगणकाचे पुढे पाहता येईल.

जयभीम.