लाल की हिरवं?

स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "पॉवर स्टिअरिंगचं ऑइल द्या" असं म्हणून बघा. काउंटरमागून हमखास प्रश्न येतो, "लाल देऊ का हिरवं?" जणू आपण वडापावबरोबर चटणी मागितलीय! आपणही गाडीतलं खूप कळतं अशा थाटात "लाल द्या" म्हणतो आणि मोकळे होतो.

प्रॉब्लेम असा, की हा प्रश्नच चुकीचा आहे.

पहिली गाडी म्हणून शोरूमची चावी सगळ्यांनाच मिळते असं नाही. कुणाकडे बाबांची जुनी गाडी येते, कुणी सेकंडहँड घेतं. १९९८ ते २००३ या काळातली पहिली होंडा सिटी घ्या, नाहीतर अख्खं खानदान लग्नाला घेऊन जाणारी टोयोटा क्वालिस घ्या. इंजिन अजून ठणठणीत असतं, पण स्टिअरिंग कुरकुरायला लागतं. पार्किंगमध्ये चाक वळवलं की पंप 'ऊंऽऽ' असा रडतो, सकाळी गाडीखाली तेलाचे डाग दिसतात, स्टिअरिंग जड लागतं. मग गॅरेजवाला सांगतो, "रॅक खोलावा लागेल. सील किट, पाईप, सगळं बदलू." बिलाचा आकडा ऐकून आपला चेहरा पडतो. आणि एवढा खर्च केल्यावर शेवटी आत ओतलं काय जातं? शेल्फवर जी बाटली असेल ती!

इथेच मला बोलायचंय. हे तेल फक्त वंगण नाही, कामाचा गडी तेच आहे. इंजिनाच्या बेल्टवर चालणारा पंप ते दाबाने रॅककडे ढकलतो. तुम्ही चाक वळवलं की एक व्हॉल्व्ह ठरवतो, दाब डावीकडे द्यायचा की उजवीकडे. रॅकमधला पिस्टन त्या दाबाने सरकतो आणि तुमचे हात वाचतात. तेच तेल पंपाला घासू देत नाही, आतली उष्णता वाहून नेतं आणि रबरी सील मऊ ठेवतं. म्हणजे एकाच पगारात चार कामं. आपल्या ऑफिसात असतो ना एखादा, तसा!

आता रंगाचा फंडा. रंग हा निव्वळ डाय असतो, स्टँडर्ड नव्हे. लाल म्हणजे बहुतेक वेळा एटीएफ, म्हणजे मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी केलेलं तेल. टोयोटाच्या क्वालिससारख्या गाड्यांना डेक्सरॉन टू किंवा थ्री दर्जाचं एटीएफ चालतं, कंपनीच तसं सांगते. पण होंडा म्हणते, आमचं स्वतःचं पीएसएफच वापरा. अडीअडचणीला दुसरं पॉवर स्टिअरिंग फ्लुइड घातलंच, तर लवकरात लवकर सिस्टिम साफ करून पुन्हा आमचंच भरा. जर्मन गाड्यांचं आणखी वेगळं. त्यातल्या अनेकींना पेंटोसिन सीएचएफ ११ एससारखं हिरवं सिंथेटिक तेल लागतं, पण काही जुन्या बीएमडब्ल्यूंना लाल एटीएफच चालतं. म्हणजे ब्रँड बघूनही भागत नाही, मॉडेल बघावं लागतं. डिकीतलं नाहीतर कपाटातलं ओनर्स मॅन्युअल काढा, आणि ऑइलच्या डब्याचं झाकणही वाचा. तिथे बरेचदा उत्तर छापलेलंच असतं.

डेक्सरॉन थ्रीची एक गंमत. हे स्टँडर्ड जनरल मोटर्सचं. २००५ मध्ये त्यांनी डेक्सरॉन सिक्स आणलं आणि २००६ नंतर थ्रीचं लायसन्स देणं बंद केलं. त्यामुळे आज बाटलीवर 'डेक्सरॉन थ्री' दिसलं, तर तो त्या तेलकंपनीचा स्वतःचा दावा असतो. म्हणून नावाजलेल्या कंपनीचं तेल घ्या, आणि 'पॉवर स्टिअरिंगसाठी योग्य' असं लेबलवर लिहिलंय ना, तेही बघा. सुटं, कॅनमधून ओतून दिलेलं तेल तर नकोच.

आणि एक गोष्ट लिहून ठेवा : ब्रेक ऑइल कधीही नाही. डॉट ३, डॉट ४ ही ग्लायकॉल जातीची तेलं. पॉवर स्टिअरिंगचे सील खनिज तेलाच्या हिशेबाने बनवलेले असतात. ब्रेक ऑइल लागलं की ते फुगतात, खराब होतात, आणि नवं सील किट वाया जातं. गळती थांबवणाऱ्या जादूच्या बाटल्यांचंही तसंच. त्या जुने सील फुगवून चार दिवस ढकलतात. तुम्ही नवे सील बसवताय, मग त्यांचं काम काय?

ओव्हरहॉल ही खरं तर सुवर्णसंधी आहे. आधीच्या मालकाने काय काय ओतलंय, ते देवालाच ठाऊक. त्यामुळे नुसता टॉप-अप नको, जुनं तेल पूर्ण काढायला सांगा. ऑइलचा डबा आणि त्यातली जाळी साफ झाली पाहिजे. जुन्या पाईपांच्या आतलं रबर झिजून काळी भुकटी होते आणि जाळीत अडकते. साफसफाईत थोडं तेल वाया जाणारच, म्हणून एक बाटली जास्तीची घ्या. भरल्यावर पुढची चाकं उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, म्हणजे हवा निघते. टोकाला मात्र दाबून धरायचं नाही, पंप तापतो. तेलात फेस दिसला तर हवा अजून आत आहे. काम झाल्यावर 'हॉट' आणि 'कोल्ड' खुणा बघून लेव्हल तपासायची.

"साहेब, सगळं एकच असतं हो," असं गॅरेजवाला म्हणेल. वाद घालू नका. नाना पेठेत किंवा कुर्ल्याला स्वतः जा, योग्य बाटली आणा आणि हसत त्याच्या हातात द्या. पॉवर स्टिअरिंग गेलं तरी गाडी वळते, पण घाटातल्या वळणावर ती एकदम जड होते, तेव्हा घाम फुटतो. गळणारं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर पडलं तर आगीचीही भीती.

आणि हो, बॉनेटखाली हा डबा सापडतच नसेल, तर टेन्शन नको. तुमचं स्टिअरिंग बहुधा इलेक्ट्रिक आहे. त्याला तेल लागत नाही. वाचलेल्या पैशांत वडापाव खा, चटणी मात्र दोन्ही रंगांची घ्या!