'एलिट'चे विश्व : हिशेब कोणाचा, कथा कोणाची?

कथनमीमांसा शिकवताना आरंभ, मध्य आणि अंत ही ॲरिस्टॉटलची त्रयी पहिल्याच तासाला येते, आणि ज्या रचनेला अंत नाही ती अपुरी, असा एक अलिखित निष्कर्षही तिच्यासोबत विद्यार्थ्यांच्या मनात रुजतो. आधुनिक कादंबरीने हा निष्कर्ष केव्हाच मोडीत काढला असला, तरी संगणकावरील खेळांचा विषय निघाला की तो पुन्हा डोके वर काढतो. साहित्याच्या अभ्यासकाने या खेळांची दखल घ्यावी काय, या प्रश्नावर दोन पक्ष पडतात. एकाच्या मते हा निव्वळ पोरखेळ होय. दुसऱ्याच्या मते हीच उद्याची कादंबरी होय. एखादा विशिष्ट खेळ समोर ठेवून त्याची रचना तपासण्याची तसदी मात्र दोन्ही पक्ष क्वचितच घेतात.

खेळ हा अर्थवाही संहितेसारखा वाचता येतो, ही कल्पना मराठीला अगदीच परकी नाही. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला गेलेला मोक्षपट हा तसाच वाचला गेला आहे. परंतु मोक्षपटाचे वाचन सोपे जाते, कारण तेथे वैकुंठ ठरलेले आहे. शिडी असो वा साप, प्रत्येक घराचा अर्थ त्या अंतिम घराच्या संदर्भात लागतो. ज्या खेळाला असे अंतिम घरच नाही त्याचे काय करावे, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी 'एलिट' या खेळाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. अवकाशात माल वाहून नेणे, नफा मिळवणे आणि वाटेत लढणे, या प्रकारच्या पुढील बहुतेक खेळांचे मूळ त्याच्यात सापडते.

डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी रचलेला हा खेळ 1984 साली एकॉर्नसॉफ्टने बीबीसी मायक्रो या संगणकासाठी प्रसिद्ध केला. त्या काळी अशा खेळांचे गणित ठरलेले होते : तीन आयुष्ये, दहाएक मिनिटांचा डाव आणि वाढत जाणारे गुण. याच गणितात बसत नाही म्हणून अगोदर एका प्रकाशकाने तो नाकारल्याचे सांगितले जाते. 'एलिट'मध्ये गुणच नाहीत. खेळणाऱ्याला एक यान, 100 क्रेडिट, तीन क्षेपणास्त्रे, एक साधा लेसर आणि सात प्रकाशवर्षे पुरेल एवढे इंधन मिळते. लेव्ह या ग्रहाभोवतीच्या स्थानकावर तो उभा असतो आणि पुढे काय करावे हे त्याला कोणी सांगत नाही. काही आवृत्त्यांत एकदोन कामगिऱ्या पुढे येतात, पण त्या पार पाडल्याने खेळ संपत नाही.

या विश्वात आठ आकाशगंगा आहेत आणि प्रत्येकीत 256 ग्रह, म्हणजे एकूण 2048. ज्या यंत्राची सारी स्मृती 32 किलोबाइट, त्यात एवढे विश्व साठवणे अशक्यच होते. म्हणून ते साठवलेले नाही. सहा बाइटांच्या एका बीजसंख्येवर तीच ती गणिती क्रिया करीत गेले की ग्रहाचे नाव, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था आणि वर्णन क्रमाने निघत जाते. वर्णनांसाठी वाक्यांचे साचे आणि शब्दांच्या छोट्या सूची आहेत. लेव्ह कशासाठी प्रसिद्ध, तर तेथील अफाट वर्षावनांसाठी आणि झाडांवरील एका अळीसाठी! प्राण्यांच्या अशाच एका सूचीत याक आणि गोगलगाय यांच्या पंक्तीला 'कवी' आणि 'कलाशाखेचा पदवीधर' हेही बसवलेले आहेत. कलाशाखेच्या अध्यापकांनी हा विनोद मनावर घेण्याचे कारण नाही. ध्यानात घ्यायचे ते एवढेच, की येथे वर्णन हे कोणी केलेल्या निरीक्षणातून येत नाही. ते सूत्रातून येते, आणि तरीही जगभरच्या प्रत्येक खेळणाऱ्याला तोच लेव्ह भेटतो.

मग आकर्षण कशाचे? विस्ताराचे, असे सर्रास सांगितले जाते. हे उत्तर पटण्याजोगे नाही. निर्मात्यांच्या मनात प्रथम याहून कितीतरी प्रचंड विश्व होते. सूत्राचा यांत्रिकपणा उघडा पडेल म्हणून प्रकाशकांच्या आग्रहावरून ते आठ आकाशगंगांवर आणले गेले, आणि त्यात खेळाचे काही बिघडले नाही. आकर्षणाचे मूळ विस्तारात नसून तुटपुंजेपणात आहे. यानात माल मावतो अवघा वीस टन. शेतीप्रधान ग्रहावर अन्न स्वस्त, औद्योगिक ग्रहावर महाग. संगणकांचे नेमके उलट. अराजक असलेल्या ग्रहाच्या वाटेवर चाचे अधिक. इंधन सात प्रकाशवर्षांचे, त्यामुळे प्रत्येक उडी मोजून घ्यावी लागते. फिरत्या स्थानकाच्या अरुंद दारातून यान आत नेणे हे तर नवख्याच्या कसोटीचेच काम. ते आपोआप करणारे यंत्र मिळते, पण त्याची किंमत 1500 क्रेडिट. ज्याच्यापाशी शंभर आहेत त्याला तेथवर पोचण्यासाठी कित्येक खेपा कराव्या लागतात, आणि त्यांतील प्रत्येक खेपेत सारी पुंजी मालाच्या रूपाने पाठीवर असते. स्थानकाच्या दारापर्यंत आलेले यान शेवटच्या क्षणी भिंतीवर आदळले, तर बुडते ते तास-दोन तासांचे कष्ट. भय आणि आशा या दोन भावनांना येथे कथानकाने नव्हे, तर किंमतपत्रकाने जागा करून दिलेली आहे.

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. खेळ थांबवून पुन्हा सुरू करता यावा म्हणून यंत्र खेळणाऱ्याची नोंद जपून ठेवते. तीत काय असते? नाव, ठिकाण, शिल्लक रक्कम, इंधन, माल, यानावरील साधने, कायद्याच्या दृष्टीने पत आणि पाडलेल्या यानांची संख्या. कोणत्या चाच्याने कोठे गाठले, ढाल संपत आली असता कसे निसटता आले, यांतील एक अक्षरही तेथे नसते. यंत्र हिशेब ठेवते, कथा ठेवत नाही. ती खेळणाऱ्याच्या स्मरणात राहते, तोच ती रचतो आणि तोच दुसऱ्याला सांगतो. वाचकप्रतिसादाच्या सिद्धांताने संहितेतील ज्या रिकाम्या जागांचा ऊहापोह केला, त्या कादंबरीत वाक्यावाक्यांच्या मध्ये असतात. येथे रिकाम्या जागाच सलग आहेत आणि मध्ये मध्ये आकडे आहेत.

खेळाच्या प्रकाशकांनाही या रिकामेपणाची थोडी धास्ती वाटली असावी. कारण खेळासोबत रॉबर्ट होल्डस्टॉक यांची 'द डार्क व्हील' ही लघुकादंबरी जोडलेली होती. तीत नायक आहे, पित्याची हत्या आहे, सूड आहे. म्हणजे आरंभ, मध्य आणि अंत यांची सारी सोय आहे. खेळात यातले काहीही घडत नाही. गंमत अशी, की खेळणाऱ्यांच्या मनात या कादंबरीतून जे दीर्घकाळ टिकले ते तिचे कथानक नव्हे. टिकला तो तीत ओझरता आलेला 'राक्सला' हा दंतकथेतला ग्रह, जेथून म्हणे दुसऱ्या विश्वांकडे जाण्याची वाट आहे. 1984 च्या खेळात तो कोठेच नव्हता. तरी त्याचा शोध घेतला गेला आणि 2014 साली आलेल्या 'एलिट : डेंजरस' या खेळातही तो शोध चालू राहिला. पूर्ण कथा विसरली जाते आणि अपुरा निर्देश माणसाला वर्षानुवर्षे हिंडवतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण छापील साहित्यातही सहज सापडणार नाही.

येथवरच्या विवेचनातून या खेळाचा निव्वळ गौरव करावा असे कोणास वाटेल. ते घाईचे होईल. शेवट नाही याचा अर्थ मोकळीक आहे असा होत नाही. 'एलिट'मध्ये शेवट नसला तरी पदव्यांची उतरंड आहे : 'निरुपद्रवी'पासून सुरुवात, आणि टोकाला 'एलिट'. ही पदवी व्यापाराने मिळत नाही. सचोटीने आयुष्यभर धान्य वाहिलेला व्यापारी निरुपद्रवीच राहतो. पदवीसाठी 6400 याने पाडावी लागतात. म्हणजे काय करावे हे कोणी सांगत नाही हे खरे. परंतु काय मोजले जाईल हे आधीच ठरलेले आहे. 2014 च्या खेळाने व्यापार आणि संशोधन यांच्यासाठी वेगळ्या पदव्या ठेवून हा दोष दूर केला.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. खेळात सतरा प्रकारचा माल आहे आणि त्यांत अमली पदार्थ, शस्त्रे यांच्याबरोबर गुलामही आहेत, तेही टनावारी. असा माल घेऊन स्थानक सोडले तर कायद्याच्या नोंदीत पत घसरते आणि पोलिसांची याने मागे लागतात. कायद्याचा धाक असा आहे, परंतु टोचणीची सोय कोठेच नाही. आता संकटात यान सोडून जाण्यासाठी विकत मिळणारी सुटकेची कुपी पाहावी. खेळणारा स्वतः तिच्यातून निसटला तर माल जातो, पण नवे यान मिळते आणि जुने गुन्हेही पुसले जातात. दुसरा कोणी चालक आपल्या कुपीतून निसटला आणि खेळणाऱ्याने ती कुपी उचलून घेतली, तर कोठारात जमा होतात ते गुलाम. कुपी तीच, एकीचा अर्थ जीवदान आणि दुसरीचा अर्थ माल. हे निर्मात्यांनी मुद्दाम योजलेले भाष्य होते, असे मानण्यास आधार नाही. बहुधा सतरा वस्तूंच्या यादीत माणसासाठी दुसरा रकानाच नव्हता. पण नेमके म्हणूनच ते विचारार्ह आहे. हिशेबाच्या भाषेत ज्याला शब्द नाही, त्याची कथा खेळणाऱ्याने रचावी तरी कशी? स्वतःच्या साहसाची हकीकत रंगवून सांगणारा खेळाडू त्या दुसऱ्या कुपीची हकीकत सांगत नाही, याचे कारण त्याच्या क्रौर्यात शोधण्यापेक्षा खेळाच्या शब्दसंग्रहात शोधावे लागेल. व्यापारी जहाजांच्या खऱ्या इतिहासातही मालाच्या नोंदवह्यांनी माणसांच्या बाबतीत हेच केलेले आहे.

नंतरच्या खेळांनी विस्तार वाढवला. 1993 च्या 'फ्रंटियर'मध्ये ग्रहांवर उतरता येऊ लागले. 2003 च्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये बाजारभाव सूत्राऐवजी हजारो खेळाडूंच्या देवघेवीतून ठरू लागले. 'एलिट : डेंजरस'मध्ये आपल्याच आकाशगंगेची सुमारे 400 अब्ज तारकामंडळे मांडली गेली. गुलाम याही खेळात आहेत, आणि एका साम्राज्याच्या हद्दीत त्यांचा एक प्रकार कायदेशीर आहे. फरक एवढाच की आता त्या प्रथेचे समर्थन करणारी संस्कृतीही कल्पिलेली आहे. म्हणजे तिच्याशी वाद घालता येतो. 1984 च्या किंमतपत्रकाशी वाद घालायला जागाच नव्हती.

साहित्याच्या अध्यापकाला या सगळ्यात काम आहे, आणि त्यासाठी खेळाला कादंबरी म्हणण्याची गरज नाही. पदव्युत्तर वर्गात एका बाजूस 'द डार्क व्हील' आणि दुसऱ्या बाजूस खेळातील सतरा ओळींचे किंमतपत्रक ठेवून कथा कोठे आहे, हे विद्यार्थ्यांना विचारता येईल. पत्रकात पहिली ओळ अन्नाची, दुसरी कापडाची, तिसरी किरणोत्सारी पदार्थांची आणि पाचवी मद्याची आहे. चर्चा चौथ्या ओळीपासून सुरू करावी.