वेल्डिंगचे काम : किलोमागे एक रुपया सुरक्षेचाही धरा

मे महिना अर्धा सरला की वसई-विरार पट्ट्यातील ग्रिल-शटरवाल्यांच्या हाताला उसंत नसते. कोणाला गच्चीवर पत्र्याची शेड हवी असते, कोणाला दुकानावर छज्जा, तर कोणाला गळणाऱ्या गाळ्याचे छप्पर पहिल्या पावसाआधी बदलून हवे असते. नवघर, गोखिवरे, वालीव, सातिवली, पेल्हारपासून विरारच्या चंदनसारपर्यंत रात्री उशिरापर्यंत वेल्डिंगचा निळा उजेड दिसतो. कमाईचे हेच दिवस आणि अपघाताचेही हेच दिवस. घाई असते, उकाडा असतो, अंग घामाने भिजलेले असते आणि कोणत्या दिवशी वळीव येईल याचा नेम नसतो. या व्यवसायात आपल्या समाजातील कारागीर मोठ्या संख्येने आहेत. दुकानदार आणि गाळेमालक म्हणून त्यांना काम देणारेही आपल्यातच आहेत. म्हणून हा विषय दोघांसमोर मांडतो आहे.

आपल्याकडे सुरक्षेचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते : "इतकी वर्षे करतो आहोत, काही झाले नाही." ज्याला काही झाले, तो हे सांगायला दुकानात नसतो. गावी परत गेलेला असतो किंवा धंदा सोडून रिक्षा चालवत असतो.

कायदा आपल्या दारापर्यंत येत नाही

1948 च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे वीज वापरणाऱ्या ठिकाणी 10 कामगार असले तर तो कारखाना समजला जाई. त्या कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कलम होते. त्याची जागा घेणारी 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात कारखान्याची मर्यादा 20 कामगारांवर गेली आहे. आपल्या बहुतेक दुकानांत एक उस्ताद, दोन कारीगर आणि एक-दोन शिकाऊ पोरे एवढाच पसारा असतो. तेथे निरीक्षक सहसा फिरकत नाही. अनेकांना ही सुटका वाटते. मला ती जबाबदारी वाटते. सरकार पाहत नसेल तर पाहणारा फक्त मालकच उरतो. आईबापांनी ज्याच्या भरवशावर पोरगा कामाला पाठवला, त्याच्याकडे तो पोरगा अमानत आहे. आणि हेही लक्षात असू द्या की 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर 18 वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामावर लावता येत नाही. सुट्टीत हात बसावा म्हणून आलेला भाचा असला तरी त्याच्या हाती होल्डर देऊ नये.

"व्होल्टेज कमी असते" हा गैरसमज

पहिला धोका विजेचा. वेल्डिंग सेटमधून निघणारा करंट मोठा पण व्होल्टेज कमी, म्हणून शॉक लागत नाही, असे कारीगर एकमेकांना सांगतात. प्रत्यक्षात रॉड कामाला लागलेला नसताना होल्डरवर साधारण 60 ते 80 व्होल्ट असतात, काही सेटवर 100 पर्यंत. कोरड्या हाताला, कोरड्या जागेवर त्याने नुसता झटका बसेल. पण घामाने भिजलेला सदरा, ओले हातमोजे आणि लोखंडी सांगाड्यावर टेकलेली पाठ असेल तर तेवढेच व्होल्टेज जीव घ्यायला पुरते. आपल्याकडे जास्त वापरले जाणारे जुने ट्रान्सफॉर्मर सेट एसी करंट देतात आणि हृदयाला एसी अधिक घातक असतो. बहुतेक झटके रॉड बदलताना बसतात, कारण तेव्हा एक हात उघड्या रॉडवर आणि दुसरा लोखंडावर असतो.

खांद्याला अडकवून नेता येतील असे छोटे इन्व्हर्टर सेट आल्यापासून काम सोपे झाले, पण एक वाईट सवयही आली. साइटवर पोहोचायचे, वायरची टोके सोलायची आणि आगपेटीच्या काडीने सॉकेटमध्ये दाबून बसवायची. अर्थिंगची तिसरी वायर कुठेच नसते. अशा वेळी सेटच्या बॉडीत वीज उतरली तर 230 व्होल्ट थेट माणसातून जमिनीत जातात. पिन टॉप लावा, तिसरी वायर जोडा आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. आरसीसीबी मेन लाइनची गळती पकडतो. होल्डरच्या बाजूचा शॉक तो थांबवू शकत नाही, कारण ती बाजू ट्रान्सफॉर्मरने वेगळी केलेली असते. तेथे कोरडे हातमोजे, फाटका नसलेला होल्डर आणि पायाखाली लाकडी फळी किंवा रबरी मॅट हेच रक्षण आहे.

दुकानात ज्याला आपण "अर्थ" म्हणतो, ती खरी अर्थिंग नव्हे. कामाच्या तुकड्याला लावलेला तो क्लॅम्प म्हणजे करंटचा परतीचा रस्ता. तो कामाच्या अगदी जवळ लावला पाहिजे. वायर अपुरी पडते म्हणून तो इमारतीच्या सळईला किंवा जिन्याच्या रेलिंगला लावला, तर शंभर अँपिअर करंट त्या सगळ्या लोखंडातून वाट शोधतो. मग चार खोल्यांपलीकडे एखादा सांधा तापतो आणि आग कोठून लागली हे कोणालाच कळत नाही.

जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या, हे सर्वांना आठवत असेल. आपल्या भागात पाणी साचणे नवे नाही. ज्या गाळ्यात पाणी शिरले, त्यात सेट वाळवून, तपासून घेतल्याशिवाय मेन स्विच लावू नये. ओल्या जमिनीवर आणि पावसात वेल्डिंग बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक कितीही घाई करो.

डोळा आणि छाती

रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होणे, पाणी गळणे, उजेड सहन न होणे, हे दुखणे या व्यवसायात सर्वांना माहीत आहे. आर्कमधून निघणारे अतिनील किरण बुबुळाचा वरचा थर भाजतात. भाजल्याचे त्याच क्षणी कळत नाही, काही तासांनी रात्री कळते. कच्च्या बटाट्याचे काप बांधतात, ते फक्त थंडावा देतात. त्याहून घातक सवय म्हणजे मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून पुनःपुन्हा घालणे. त्याने वेदना थांबते, पण बुबुळ भरून येत नाही आणि जखम चिघळू शकते. साधारण एक-दोन दिवसांत डोळा आपोआप बरा होतो. तसे न झाल्यास डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

मुळात हे दुखणे टाळता येते. साध्या ग्रिल-शेडच्या कामाला 12 किंवा 10 गेजचा रॉड लागतो, त्यासाठी 10 नंबरची काळी काच योग्य. दोनशे अँपिअरच्या वरच्या कामाला 11 किंवा 12 नंबरची. टाका घालताना डोळे मिटायचे किंवा उन्हाचा चष्मा लावायचा, ही पद्धत फसवी आहे. काळ्या काचेची किंमत रॉडच्या एका पाकिटाहून कमी आहे. ग्राइंडर चालवताना आणि हातोडीने पापुद्रा झाडताना पांढऱ्या काचेचा गॉगल हवा, कारण डोळ्यांत कण जाण्याचे प्रसंग तेव्हाच येतात. रस्त्यावर काम असेल तर आडोसा लावा. शाळेतून येणारी मुले तो उजेड टक लावून पाहतात.

धुराकडे तर आपण लक्षच देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातला. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख लोक वेल्डर म्हणून काम करतात, असा त्या संस्थेचा अंदाज आहे. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचा विषारी प्रकार असतो. जीआय पाइप आणि पत्र्यावरील जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. त्यावर दूध किंवा गूळ हा उतारा समजला जातो. दूध-गूळ जरूर खा, पण ते पोटात जातात आणि धूर जातो फुप्फुसात. खरा उपाय म्हणजे जस्ताचा थर सांध्याजवळ घासून काढणे, डोके धुराच्या लोटाबाहेर ठेवणे, शटर उघडे ठेवून पंखा बाजूने लावणे. रुमाल बांधल्याने धूर गाळला जात नाही. एन-95 मास्क कण अडवतो, वायू नाही. थिनर किंवा क्लोरिनयुक्त द्रावणाने पुसलेला भाग पूर्ण वाळल्याशिवाय त्यावर आर्क लावू नका.

ठिणगी शेजाऱ्याकडे जाते

आपल्याकडील औद्योगिक गाळे एकमेकांना खेटून असतात. एकात फॅब्रिकेशन, शेजारी फोमच्या गाद्या, त्याच्या वर पुठ्ठ्याची खोकी. ठिणगी 10 मीटरपर्यंत उडू शकते आणि फटीतून खाली गेली तर दिसतही नाही. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर 11 एप्रिल 1996 रोजी नेमके असेच झाले. वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होते, वितळलेले थेंब खालच्या छतातील फोमवर पडले आणि धुराने 17 माणसे गेली. पुण्यात 21 जानेवारी 2021 रोजी सिरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आग लागून 5 कामगार मृत्युमुखी पडले. वेल्डिंगच्या ठिणगीचा संशय तेव्हा पहिल्याच दिवशी व्यक्त झाला होता.

ठिणगीची आग बहुधा काम संपल्यावर लागते. भुशात, गोणपाटात, फोममध्ये ती आत धुमसत राहते. म्हणून अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमात काम थांबल्यावर पूर्वी अर्धा तास आणि 2019 पासून एक तास पहारा ठेवण्यास सांगितले आहे. आपल्याकडे नेमके उलट घडते. रमजानमध्ये इफ्तारची वेळ झाली की शटर ओढून सगळे निघतात. जुमाच्या नमाजाला जातानाही तेच. ईदच्या आधी तर रात्रपाळी करून पहाटे डोळा लागतो. वेळ पाळायलाच हवी, त्यासाठी आर्क तासभर आधी बंद करा. शेवटच्या तासात ग्राइंडरही नको, कारण ठिणग्या त्याच्याही उडतात. मोजमाप, रंग, साफसफाई अशी कामे तेव्हासाठी ठेवा. जवळ पाण्याची बादली, वाळू आणि भरलेले अग्निशामक नळकांडे हवे.

आणि रिकामा ड्रम! तेल, थिनर, केमिकलचा ड्रम कापून टाकी करून द्या, असे गिऱ्हाईक सांगते. आत द्रव नसला तरी वाफ असते आणि ती बॉम्बसारखी फुटते. नुसते धुऊन भागत नाही. ज्याला तो शास्त्रशुद्ध रिकामा करता येत नाही त्याने ते काम सरळ नाकारावे. चारशे रुपयांच्या कामासाठी घरातला कमावता हात गमावू नये.

पैसा कोठून आणायचा?

आता खरा प्रश्न. कारागीर म्हणेल, हे सर्व पटते, पण दर कोण देतो? गिऱ्हाईक किलोच्या भावात दोन रुपयांसाठी चार दुकाने फिरते. हे खरे आहे. म्हणूनच माझे म्हणणे आहे की सुरक्षेचा खर्च नफ्यातून काढण्याची भाषा सोडा आणि तो लोखंड, रॉड, रंग, मजुरी यांच्यासारखा दरातच धरा. किलोमागे फक्त एक रुपया. पाचशे किलोची एक शेड झाली की 500 रुपये जमतात. त्यात काचा आणि चामडी हातमोजे येतात. पुढच्या शेडमध्ये गॉगल आणि पिन टॉप, तिसऱ्यात आरसीसीबी. एका हंगामात दुकान बदलून जाईल. हा रुपया कोटेशनवर वेगळा लिहा. गिऱ्हाईकालाही कळू द्या की तो कशाचा आहे.

एकट्याने हे केले तर शेजारचा एक रुपया कमी करून काम पळवील, ही भीती रास्त आहे. तेव्हा एका गल्लीतील, एका इस्टेटीतील दुकानांनी बसून ठरवावे. रॉडचा भाव वाढला की सगळे मिळून दर वाढवतात, मग यासाठी का नाही?

व्यापारी बांधवांनाही दोन शब्द. आपण गाळ्याचे मालक असाल, दुकानावर शेड बांधून घेत असाल, तर आग लागल्यावर माल आपलाच जळणार आहे. कोणता माल हलवायचा, पहारा कोण देणार, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. घासाघीस पत्र्याच्या जाडीवर करा, रंगाच्या हातावर करा, त्या एका रुपयावर करू नका. आणि पावसात काम उरकण्याचा तगादा लावू नका.

उस्तादांना शेवटची विनंती. शागिर्द आपले बोलणे कमी ऐकतो, आपला हात जास्त पाहतो. आपण काच न लावता टाका घातला की तोही तसाच घालणार. भारतीय मानक ब्युरोची वेल्डिंगच्या सुरक्षेची मानके आहेत, आयएस 818 आणि आगीच्या खबरदारीसाठी आयएस 3016. शासकीय आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी पास मुलाला प्रवेश मिळतो. हाताशी असलेल्या पोराला तेथे पाठवा. आणि दुकानात चार गोष्टी सर्वांना पाठ हव्यात : शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करणे, श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहणे, भाजल्यावर टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे वाहते पाणी सोडणे आणि 108 वर फोन करणे.

येत्या हंगामाची कोटेशने आता लिहिली जातील. त्यात तो एक रुपया आहे की नाही, हे प्रत्येकाने आपल्या हाताने तपासावे.