डीजे थांबला, वाजवणारे कोठे आहेत?

मराठी घरची मुंज म्हटली की संध्याकाळची भिक्षावळ आली, आणि भिक्षावळ म्हटली की बँड आला, असा आमच्या हैदराबादेत एक काळ होता. बटू मध्ये, लेकीसुना मागे, आणि साऱ्यांच्या पुढे क्लॅरिनेट व ट्रंपेट फुंकीत चाललेले रंगीत डगल्यांतले बँडवाले. सुलतान बाजार, काचीगुडा, शहालीबंडा या भागांतील जुन्या मंडळींच्या बोलण्यात हे चित्र अजून निघते. लग्नाच्या वरातीत बँडाच्या जोडीला मरफाही असे. आज त्याच घरांतली वरात पाहावी, तर पुढे एक ट्रक, त्यावर माणसाहून उंच अशी ध्वनिक्षेपकांची भिंत आणि यंत्रापाशी बसलेले दोघे जण. वाजते पुष्कळ, वाजवीत मात्र कोणी नाही.

या भिंतीविरुद्ध शहर पोलिसांनी 1 ऑक्टोबर 2024 रोजी हुकूम काढला. धार्मिक मिरवणुकांत डीजे आणि फटाके यांस मनाई झाली. साध्या ध्वनिक्षेपकास पूर्वपरवानगीने मर्यादित मुभा राहिली. नियम तसे त्याआधीही होतेच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली असून, रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे वा तान्हे मूल आहे, त्यांस या हुकमाचे मोल सांगावयास नको. आम्हीही त्याचे स्वागतच करतो. परंतु हुकमाने आवाज बंद करता येतो, वाजवणारा निर्माण करता येत नाही. डीजे गेल्यावर जी जागा मोकळी होते तीत कोण येऊन उभे राहणार, हा प्रश्न पोलिसांचा नव्हे. तो तुमचाआमचा आहे.

येथे शब्दाचा थोडा घोटाळा दूर करावयास हवा. मिरवणुकीतला डीजे म्हणजे ट्रक. पण जुबिली हिल्स, गच्चीबावलीच्या बाजूस, किंवा बंजारा हिल्सवरील 2010 साली सुरू झालेल्या लामकानसारख्या जागी ज्या तरुण मंडळींची ऊठबस असते, त्यांच्या तोंडी डीजे म्हणजे माणूस. कोणत्या तबकडीमागे कोणती तबकडी लावावी, ताल कोठे जुळवावा आणि कोठे मोडावा, याचा अभ्यास केलेला तो एक कलावंत असतो. लहान जागांतून होणाऱ्या रात्रीच्या बैठकांत ही मुले ट्रंपेट, ट्रोम्बोन वाजवणारे जिवंत वादकही आणतात आणि जमैकाचे रेगे संगीतही ऐकतात. गोव्यात तर 2016 साली रेगेचा स्वतंत्र महोत्सव सुरू झाला. आमच्या पिढीतील पुष्कळांस हे सारे धांगडधिंग्यासारखे वाटते. तसे वाटण्यापूर्वी या रेगेचा इतिहास एकदा पाहावा, कारण त्याचा आमच्या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे.

जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे 1950 च्या सुमारास नेमके हेच घडत होते. नाचासाठी बँड सांगणे महाग पडू लागले, तेव्हा मोठाले ध्वनिक्षेपक रस्त्यावर मांडून अमेरिकेच्या तबकड्या लावण्याची चाल पडली. यंत्राने माणसांचे काम घेतले. पण पुढे अमेरिकेतील संगीताची चाल बदलली आणि मनाजोग्या तबकड्या मिळेनाशा झाल्या. तेव्हा क्लेमेंट डॉड आणि ड्यूक रीड या ध्वनिक्षेपकवाल्यांनीच स्वतःच्या तबकड्या काढावयाचे ठरविले. त्यासाठी वादक हवे होते, आणि वादक होते. किंग्स्टनच्या अल्फा शाळेत जोगिणी निराधार मुलांस पितळी वाद्ये शिकवीत असत. डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक यांच्यासारखे वादक त्या शाळेतले. 1964 साली ‘स्काटालाइट्स’ हा त्यांचा वाद्यवृंद उभा राहिला. त्या स्का संगीतातून पुढे रेगे निघाले आणि 2018 साली युनेस्कोने रेगेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. यंत्र आले म्हणून संगीत मेले नाही, कारण वाजवणाऱ्यांना शिकविणारी एक जागा त्या गावाने सांभाळली होती.

आमच्या शहराची पुंजी किंग्स्टनहून उणी नाही. 1806 साली वसलेल्या सिकंदराबादच्या छावणीत पलटणींबरोबर पितळी वाद्ये आली आणि पुढे शहरच्या वरातींत शिरली. मरफा तर खास आमचा. येमेनमधील हद्रमौत प्रांतातून निजामाच्या चाकरीस आलेले अरब आणि आफ्रिकेतून आलेले सिद्दी यांनी तो येथे रुजविला. डफ, ढोल, मरफ्याचा नगारा, धातूची भांडी आणि लाकडी थाप्या एवढ्या सामग्रीवर त्यांनी साऱ्या हैदराबादेस तीनमार नाचावयास लावले. ए. सी. गार्ड्स या वस्तीवरून आपण रोज जातो. ते नाव निजामाच्या आफ्रिकी घोडदळाचे आहे, हे किती जणांच्या ध्यानी येते? बारकस म्हणजेही मूळचे बराक. 1948 साली संस्थान गेले आणि शिपायांची चाकरी गेली. अनेक घरांस मग जुन्या वाद्यांचाच आधार उरला. त्यांचे आश्रयदाते म्हणजे वराती काढणारी तुमचीआमची घरे. त्या घरांनी ट्रक सांगितला त्या दिवशी संस्थान दुसऱ्यांदा गेले.

कोणी म्हणेल, बँड तरी कोठे आपला होता? त्यानेही सनईचौघड्यास मागे सारलेच. हे खरे आहे, आणि म्हणून नव्याला केवळ नवे म्हणून नाके मुरडण्याचा अधिकार आम्हांस नाही. बँडही काही हळू वाजत नाही. परंतु फुंकणाऱ्यास श्वास घ्यावा लागतो, ढोलवाल्याचे हात दुखतात, आजाऱ्याच्या दारावरून जाताना ‘जरा थांबा’ म्हटले तर तो थांबतो. मुख्य म्हणजे एका बँडावर पंधरावीस घरांच्या चुली पेटतात आणि त्यातला मुलगा बापाच्या मागे चालत चालत वाद्य शिकतो. ट्रकामागे चालून कोणी काही शिकल्याचे ऐकिवात नाही.

शिकविण्याच्या जागेचे उदाहरण मराठी संस्थानी परंपरेतही आहे. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात 1886 साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली संगीतशाळा निघाली. त्यांनी स्वरलिपी बसविली, पाठ्यपुस्तके लिहिली आणि जे घराण्याच्या बंद दाराआड होते ते शाळेच्या बाकावर आणले. आज राजे नाहीत. पण संस्था आहेत. 1907 पासून चालत आलेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्थेच्या आवारात पावसाळ्याच्या दिवसांत, लग्नसराई नसते तेव्हा, एखादी संध्याकाळ मरफ्याची आणि पितळी बँडाची का होऊ नये? रात्रीच्या बैठकांतली ती तरुण मुलेही तेथे यावीत, त्यांचा ट्रोम्बोन आणि बारकसचा डफ समोरासमोर बसावा. शाळांतून कवायतीचे बँड असतात. त्यांस शिकविण्यासाठी हात थकलेल्या जुन्या बँडवाल्यांस मानधन देऊन बोलवावे. हे उपकार म्हणून नव्हे. त्यांच्याजवळ जे आहे ते पुस्तकात नाही, आणि ती माणसे गेली की तेही जाणार.

संस्थांनी करावयाचे ते त्या करोत. घराने करावयाचे याहून सोपे आहे. येत्या मुंजीत, येत्या वरातीत, येत्या गणपतीच्या विसर्जनात मांडववाल्यास ‘साउंड काय घ्याल?’ असे विचारण्याआधी एखाद्या बँडवाल्याचे वा मरफावाल्याचे दार ठोठावावे, भाव पाडण्याची घाई करू नये आणि वाजवून झाल्यावर त्यांस पंक्तीला बसवावे. डीजे बंद करण्याचे काम सरकारने अर्धे केले आहे. उरलेले अर्धे सुपारी देणाऱ्याच्या हाती आहे.